पुस्तक किती खपलं हे लेखकाला कोण सांगणार?

मागच्या पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपला दोन फोटो आले. एक माझ्या पहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा आणि दुसरा आतल्या पानाचा, त्यावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का. खाली मेसेज, "ताई, तुमचं पुस्तक आमच्या वाचनालयात मिळालं, दोन रात्रीत संपवलं, शेवट मात्र पटला नाही." शेवट न पटण्याचं मला काही वाटलं नाही, तो आमच्या घरातही कुणाला पटलेला नाहीये. पण तो शिक्का ज्या पानावर होता ते पान मी झूम करून बघितलं आणि गॅसवरचा चहा उतू गेला. तिथे चक्क लिहिलं होतं, दुसरी आवृत्ती. खाली महिना, वर्ष, सगळं. आणि माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली हे मला माहीतच नव्हतं!

प्रकाशकांना फोन लावला. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पहिलं पुस्तक त्यांनीच काढलं आणि माझ्याकडून पैसे न घेता काढलं, ते मी विसरणार नाही. म्हणाले, "अहो मॅडम, आवृत्ती कसली, ग्रंथालयाच्या ऑर्डरसाठी थोड्या प्रती मारल्या फक्त. तुमचं मानधन बघतो ना मी मार्चनंतर." थोड्या म्हणजे किती हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की मराठीत आजकाल कोण वाचतंय हो. मार्च येऊन गेला.

आता मी नोकरीला आहे एका नागरी सहकारी बँकेत, सांगलीत, वीस वर्षं झाली. आमच्याकडे दिवसअखेर कॅश टॅली होताना दहा रुपयांचा फरक आला तरी सगळे थांबतात, व्हाउचर परत काढतात, कॅशियर बिचारा घामाघूम होतो, आणि कुणी म्हणत नाही की जाऊ दे, आपण घरचीच माणसं. तिथून सहा वाजता बाहेर पडून मी लेखक होते आणि मग मात्र माझ्याच मालाचे किती नग गेले हे विचारायचीही चोरी. विचारलं की लगेच तुम्ही व्यवहारी, तुम्हाला साहित्यापेक्षा पैसा प्यारा.

लेखनात करिअर करायचं म्हणणारी बरीच नवीन मुलंमुली मला विचारतात की ताई छापील पुस्तक काढू का ॲपवर लिहू का ऑडिओसाठी लिहू. माझं मत असं झालंय की प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय. कागद, फोन, कान, कुठूनही वाचक येऊ दे. लेखकाला दोन गोष्टी हातात हव्यात, एक म्हणजे हिशोब आणि दुसरी म्हणजे हक्क. त्या नसतील तर नवीन प्रकाशन आणि जुनं प्रकाशन यात फरक एवढाच की आधी वहीत लपायचं, आता सर्व्हरवर लपतं.

आता करिअर या शब्दाबद्दल जरा. आपल्याकडे सगळे म्हणतात पूर्वी बरं होतं, तेव्हा लेखक लेखणीवर जगायचे. कोण जगायचे सांगा ना. हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचं काम बघायचे. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत, जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरीला. ही आपली पहिल्या बाकावरची माणसं आणि बहुतेकांनी पोट नोकरीवर भरलं. हां, बाबूराव अर्नाळकरांसारखे हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारे होते, पण त्यांच्या त्या झुंजार आणि काळापहाडच्या पुस्तकांचं गणित बघा. गल्लीतल्या खाजगी वाचनालयात एक प्रत यायची, ती पाठीचा दोरा सुटेपर्यंत दिवसाला काही पैसे भाड्याने फिरायची, आणि त्या भाड्यातलं लेखकाला काय? शून्य. त्याला मिळालं ते त्या एका प्रतीचं. माझ्या आईने अशी कित्येक पुस्तकं वाचली, एकही विकत घेतलं नाही, तरी ती स्वतःला अर्नाळकरांची वाचक म्हणवते आणि आहेच ती. फक्त ही वाचक कुठल्याच हिशोबात नाही.

आता आजचं गणित. ३०० रुपयांची कादंबरी, ५०० प्रतींची आवृत्ती. आता ५०० म्हणजे बरी म्हणायची, पूर्वी हजार निघायच्या, हल्ली डिजिटल छपाईमुळे शंभर-दोनशेचीही आवृत्ती निघते. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के धरा. सगळ्या प्रती गेल्या आणि सगळे पैसे वेळेवर आले, म्हणजे दोन्ही चमत्कार एकाच वेळी झाले, तर लेखकाला मिळतात १५,००० रुपये. मला कादंबरीला अडीच वर्षं लागली. म्हणजे महिना ५०० रुपये. आमच्या गल्लीत पेपर टाकणारा मुलगा यापेक्षा जास्त कमावतो आणि त्याला पहिल्या तारखेला मिळतात. दिवाळी अंकाचं तर बोलूच नये, १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची पद्धत पाडली तेव्हापासून मराठी कथा मोठी केली ती या अंकांनी हे खरं, पण आज कितीतरी ठिकाणी मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, आणि तीसुद्धा तुळशीच्या लग्नानंतर, आठवण केल्यावर.

प्रकाशकाची बाजू मला कळत नाही असं नाही. बँकेत कर्जाच्या फायली बघते, त्यात दोन-तीन छापखाने आणि एक पुस्तकविक्रेता आहे. वितरकाला चाळीस-पन्नास टक्के सूट द्यायची, तो माल उधारीवर नेणार, सहा-आठ महिन्यांनी निम्मे पैसे आणि निम्मी परतीची पुस्तकं पाठवणार, कोपरे दुमडलेली. छापील पुस्तकावर जीएसटी नाही असं आपण कौतुकाने सांगतो पण कागदावर आहे, छपाईवर आहे, आणि पुस्तकावर नसल्यामुळे तो भरलेला कर प्रकाशकाला वळताही करता येत नाही, सगळा किमतीत जिरतो. वर टेलिग्रामला पीडीएफ फिरतेच. एखादं पुस्तक चाललं की तेच सिग्नलला अर्ध्या किमतीत, पुसट छपाईत. एका खोलीत बसून, बायको प्रूफ तपासतेय आणि स्वतः गठ्ठे बांधतायत असे प्रकाशक मी बघितलेत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त मिळतं असंही नाही. पण म्हणून काय, धंद्यात तोटा होतोय तर तोटा कागदावर दाखवा की. ‘विक्री ८७ प्रती’ असं लिहून आलं तर मी रडेन, पण निदान मला कळेल की पुढचं पुस्तक कसं करायचं. कुठे गेल्या त्या ८७, कोल्हापूरला का नांदेडला, दुकानातून का ऑनलाइन, हे कळलं तर मी तिथे जाऊन कार्यक्रम करेन, चार लोकांना भेटेन. संमेलन झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात पुस्तकविक्रीचे कोटींचे आकडे येतात. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला झालं, मीही जाऊन आले, स्टॉलवर माझं पुस्तक होतं, लोक उचलून बघत होते. त्या कोटींमध्ये माझे किती रुपये? स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला बिलबुक सरांकडे असतं.

यावरून हिंदीतली ती गोष्ट आठवते. ज्येष्ठ हिंदी लेखक विनोद कुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये उघडपणे सांगितलं की इतकी वर्षं छापली जाणारी आपली पुस्तकं आणि हातात येणारे पैसे यांचा मेळ बसत नाही, तेव्हा मोठी खळबळ झाली. पुढे त्यांची कादंबरी दुसऱ्या, तुलनेने नव्या प्रकाशकाने काढली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरला जाहीर कार्यक्रमात त्यांना ३० लाखांची रॉयल्टी दिली गेली, तीही एका पुस्तकाची आणि काही महिन्यांच्या विक्रीची. लेखक तोच, कादंबरी तीच, पंचवीसेक वर्षं जुनी. आपल्याकडे ही बातमी सगळ्यांनी शेअर केली, बघा हिंदीत किती वाचक, तिथे बाजार मोठा, आपलं काय. मला मात्र त्या ३० लाखांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा हेवा वाटला, की कुणीतरी प्रत न् प्रत मोजली आणि चारचौघांत आकडा सांगितला. मराठीत ३० लाखांच्या जागी ३० हजार निघतील, निघू देत.

बरं, मग वाचक आहेत तरी कुठे, तर माझ्या मते सगळ्यात जास्त आहेत ते वाचनालयात, आणि तिथलं कुणीच बोलत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, अ ब क ड असे वर्ग, गावोगावी. ती दरवर्षी पुस्तकं घेतात, बऱ्याच प्रकाशकांचं वर्षच त्यावर चालतं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही खरेदी होते. माझी ती गुप्त दुसरी आवृत्ती अशाच कुठल्यातरी यादीसाठी निघाली असणार.

तर तो फोटो पाठवणाऱ्या वाचकाला मी विचारलं वाचनालय कुठलं, आणि एका शनिवारी, दुसरा शनिवार होता, बँक बंद, एसटीने गेले. तालुक्याचं गाव, वर पत्र्याचं छप्पर, खाली तीन म्हातारे पेपर वाचत बसलेले आणि ग्रंथपाल बाई स्वेटर विणत. माझं पुस्तक मागितलं तर म्हणाल्या ते बाहेर गेलंय, सोमवारी या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग त्यांनीच रजिस्टर काढलं आणि थोड्या वेळाने दुसरी एक प्रत सापडली, दोन घेतल्या होत्या त्यांनी. तिच्या शेवटच्या पानाला ती तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, परत करायच्या तारखेचे शिक्के मारतात ती. मी उभ्याउभ्या मोजले. २३ शिक्के. सव्वा वर्षात २३ घरी जाऊन आली ती एक प्रत. काही शिक्के पंधरा दिवसांच्या अंतराने, एक मात्र तीन दिवसांत परत, त्याला नसेल आवडली. एका पानावर हळदीचा डाग, एका ठिकाणी पेन्सिलने ‘अगदी असंच’ असं लिहिलेलं. बारा वर्षांच्या लेखनात मला मिळालेला हा पहिला खरा हिशोब. तो प्रकाशकाने दिला नाही, ॲपने दिला नाही, एका तालुक्याच्या वाचनालयातल्या डिंकाने चिकटवलेल्या कागदाने दिला.

इंग्लंडमध्ये १९७९ पासून यासाठी कायदा आहे. वाचनालयातून तुमचं पुस्तक कुणी घरी नेलं की लेखकाला काही पेन्स मिळतात, वाचकाच्या खिशातून नाही, सरकारच्या निधीतून. सगळी वाचनालयं मोजायचीही गरज पडत नाही, काही निवडक वाचनालयांच्या नोंदी घेऊन त्यावरून अंदाज काढतात, आणि एका लेखकाला जास्तीत जास्त किती द्यायचं त्यालाही मर्यादा घातलेली, म्हणजे सगळा पैसा चार खपाऊ लेखकांकडे जात नाही. डेन्मार्कने तर १९४६ मध्येच हे सुरू केलं. आज तीसेक देशांत आहे, भारतात नाही. आता लगेच कुणीतरी म्हणणार की ताई, इथे ग्रंथपालांना धड पगार नाही आणि तुम्ही लेखकांचं घेऊन बसलात. बरोबर आहे, आधी त्यांचा पगार. त्या स्वेटर विणणाऱ्या बाईंना महिन्याला काय मिळतं ते त्यांनी सांगितलं तेव्हा मला पुढे बोलायला सुचेना. पण अनुदान वाढवा ही मागणी आणि वाचनाची नोंद ठेवा ही मागणी एकत्र करता येत नाही का? जिल्ह्यातली दोन-दोन अ वर्ग ग्रंथालयं निवडली, तिथल्या देवघेवीची संगणकावर नोंद झाली, तर कुठल्या प्रकारचं मराठी पुस्तक खरोखर वाचलं जातं हे आपल्याला पहिल्यांदा कळेल. अभिजात दर्जा मिळाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, फटाके वाजले, पेढे वाटले, छान. त्या अभिजात भाषेत आज कोण काय वाचतंय याची मोजणी कुठेय? मला तर शंका आहे की ती मोजणी झाली तर बऱ्याच पुरस्कारवाल्यांची झोप उडेल, आणि हे मी थोडं दुष्टपणेच म्हणतेय.

आता ॲपकडे येते, कारण नव्या मुलांचा तिथे ओढा आहे आणि तो योग्यही आहे. मीही लिहिली एक मालिका, ४६ भाग, रोज रात्री दहा वाजता एक. सुरुवातीला मला लाज वाटायची, आमच्या साहित्यिक ग्रुपवर सांगितलं नव्हतं. पण दहा वाजून पाच मिनिटांनी कमेंट यायला लागायच्या, "ताई पुढचा भाग लवकर टाका", "सासूला एवढ्यात सोडू नका", आणि एका बाईंनी लिहिलं की मी भाकरी थापताना एका हाताने वाचते, भाग लहान ठेवा. यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या आठवड्याला तुकड्या-तुकड्यानेच यायच्या, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. तेव्हा त्याला वाङ्मय म्हणायचं आणि आता फोनवर आलं की टाइमपास? मला त्या ४६ भागांनी कादंबरीबद्दल जे शिकवलं ते कुठल्या शिबिरात शिकवलं नसतं. मुख्य म्हणजे वाचक नेमका कुठल्या ओळीवर सोडून जातो हे कळलं. अकराव्या भागात मी तीन पानं निसर्गवर्णन केलं होतं, वाचक धडाधड कमी झाले, मी समजायचं ते समजले.

आणि आकडे! डॅशबोर्ड उघडला की सगळं समोर, आज किती, काल किती, कुठल्या भागाला किती तारे. माझ्यासारख्या बँकवालीला तर स्वर्गच. मालिका संपली तेव्हा वाचनं झाली १ लाख ८० हजार. मग मी कमाईचं पान उघडलं. रक्कम सांगत नाही, दोघं जण एकदा बाहेर जेवून आले असते, शाकाहारी. ठीक आहे, तक्रार रकमेची नाही. ती रक्कम काढली कशी, हे कुठेच नव्हतं. १ लाख ८० हजारला कशाने गुणलं, कशाने भागलं, किती वाचनं फुकटवाली आणि किती पैसे भरणाऱ्यांची, काही नाही. मध्येच एकदा नियम बदलले, सूचना आली की लेखकांच्या हितासाठी बदल केलाय, आणि पुढच्या महिन्याची रक्कम कमी. किंडल अनलिमिटेडचं, म्हणजे ॲमेझॉनच्या वर्गणीवाल्या ई-बुक योजनेचं, तर हे उघडच आहे, वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, पान न् पान मोजलेलं असतं, पण दर पानाला भाव काय हे महिना संपल्यावर ठरतं आणि दर महिन्याला वेगळं असतं. किंडलवर मराठी ई-बुक स्वतःचं स्वतः टाकता येतं, फुकट, अर्ध्या दिवसाचं काम, जरूर टाका. फक्त भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही असं ९० दिवसांचं बंधन घ्यावं लागतं, नाहीतर ३५. म्हणजे प्रकाशक आकडा लपवतो पण वाटणी ठरलेली, ॲप आकडा दाखवतं पण वाटणी त्याच्या मर्जीवर. दोन्हीकडे आपण हात जोडून उभे.

शिवाय ॲप आणि कंपन्या आज आहेत उद्या नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने वेस्टलँड ही त्यांची इंग्रजी प्रकाशनसंस्था बंद करतोय असं जाहीर केलं, चांगली चालणारी पुस्तकं होती, लेखक हवालदिल, वाचकांनी दुकानं पालथी घातली प्रती मिळाव्यात म्हणून. दोन महिन्यांत त्याच टीमला हात कुणी दिला तर प्रतिलिपीने, म्हणजे फोनवर गोष्टी वाचायचं ॲप म्हणून सुरू झालेल्या कंपनीने. कोण मोठं कोण छोटं, कोण बुडणार कोण तारणार, हे मला आणि तुम्हाला आधी कळणं शक्य नाही. त्या गोंधळात ज्या लेखकांचे हक्क त्यांच्याकडे परत आले त्यांची पुस्तकं दुसरीकडे निघाली, एवढं मात्र दिसलं.

हक्क म्हटलं की आपल्याकडे लोकांना कोर्ट आठवतं. मी कॉपीराइट कायदा वाचला, खरंच वाचला, बँकेत परिपत्रकं वाचून वाचून सवय असते. तो लेखकाच्या बाजूने बराच आहे आणि हे माझ्या ओळखीच्या दहापैकी नऊ लेखकांना माहीत नाही. हक्क दिले ते लेखी आणि सही केलेले नसतील तर दिलेच नाहीत असं धरतात, तोंडी काही चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, कायमची नाही. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन समोरच्याने वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत लेखकाकडे, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा बाजारात नव्हतं त्याचे हक्क त्या करारात आपोआप जात नाहीत, तसं नाव घालून लिहिलेलं असेल तरच. आता आठवा, २०१७ मध्ये स्टोरीटेल आलं आणि मराठी ऑडिओबुकला एकदम मागणी आली, तेव्हा किती जुन्या पुस्तकांच्या आवाजाचे हक्क नक्की कुणाकडे हा प्रश्न आला असेल. किती जणांनी तो विचारला? माझ्या ओळखीच्या एका कथाकार काकांना प्रकाशकांनी सांगितलं की ऑडिओ म्हणजे पुस्तकाची जाहिरातच समजा, त्यांनी समजली.

आणि उद्या काय येणार आहे ते तर दिसतंच आहे. यंत्राचा आवाज पुस्तक वाचून दाखवणार, यंत्र भाषांतर करणार, आपल्या गोष्टी खाऊन यंत्र शिकणार. मी त्याच्या विरोधात मोर्चा काढायला चालले नाहीये, पण करारात ‘सर्व विद्यमान व भावी माध्यमे’ असे पाच शब्द आले की माझा पेन थांबतो. ते पाच शब्द खोडायचे. प्रत्येक माध्यमाचं नाव लिहा, प्रत्येकाची मुदत लिहा, प्रत्येकाचा वाटा लिहा. नवोदितांना हे जमत नाही, त्यांना पुस्तक निघण्याचीच एवढी घाई असते की पुढे कोऱ्या कागदावर सही मागितली तरी देतील. मीही दिली असती.

ज्यांना यातलं काहीच नको ते स्वतः काढतात. ‘सिल्व्हर पॅकेज, गोल्ड पॅकेज’वाल्यांकडे जाऊ नका एवढंच सांगते, तिथे धंदा वाचकाला पुस्तक विकण्याचा नसून लेखकाला लेखकपण विकण्याचा आहे. पण खरंच स्वतः काढायचं तर जमतं. माझा कथासंग्रह मी तसा काढला, २०२५ च्या सुरुवातीला, आणि हा घ्या पूर्ण हिशोब, निदान मी तरी दाखवते. ३०० प्रती, छपाई २८,५००. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ५,०००, मुद्रितशोधन ४,०००. व्हॉट्सॲपवर नोंदणी केली, त्या मालिकेच्या शेवटच्या भागात खाली नंबर दिला होता त्यामुळे वाचक आले, २१४ नावं, २२० रुपये घरपोच, जमा ४७,०८०. इथे नेमकी माशी शिंकली. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाची स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालेली आणि पुस्तकांसाठीची नवी ज्ञान पोस्ट सुरू झाली मे २०२५ पासून, मी बरोबर मधल्या खड्ड्यात. कुरिअर आणि पोस्ट मिळून सरासरी ६५ रुपये पडले, एकूण १३,९१०. म्हणजे ४,३३० चा खड्डा. आमच्या स्वयंपाकघरात दोन रविवार ब्राऊन टेपचा आवाज, नवरा पत्ते लिहितोय, मुलगी पिनकोड तपासतेय आणि तिने सतरा चुका काढल्या, लोकांना स्वतःचा पिनकोड माहीत नसतो. उरलेल्या ८६ पैकी २० भेट गेल्या, ६० हातोहात विकल्या कार्यक्रमांमधून, १३,२०० आले. निव्वळ शिल्लक ८,८७० रुपये आणि कपाटात सहा प्रती.

हे काही करिअर नाही, कबूल. माझा पगार नसता तर मी हा खेळ खेळू शकले नसते, आणि ज्याला नोकरी नाही, घरचं नाही, त्या लेखकाने ३०० प्रती कुठून छापायच्या, हा प्रश्न माझ्या सगळ्या युक्तिवादाला पुरून उरतो हेही मला माहितीये. म्हणूनच मला प्रकाशक हवाच आहे. चांगला संपादक माझ्या कथासंग्रहाला असता तर त्यातल्या दोन कथा गेल्या असत्या, त्या जायलाच हव्या होत्या. पण त्या ८,८७० मध्ये एक गंमत आहे, माझ्याकडे २१४ माणसांची नावं आणि गावं आहेत. सगळ्यात जास्त पुणे नाही, सगळ्यात जास्त सोलापूर जिल्हा. माझ्या कुठल्याच गोष्टीत सोलापूर नाही. का असेल? मी आता शोधतेय.

तिसरी कादंबरी तयार आहे. एका प्रकाशकांनी होकार दिलाय, चांगली जुनी संस्था, मला खरंच तिथे यायचंय. कराराचा मसुदा आला तो दीड पानाचा होता. मी त्यात चार ओळी वाढवून पाठवल्या, दर सहा महिन्यांनी छापलेल्या, विकलेल्या आणि परत आलेल्या प्रतींचा लेखी आकडा, पुनर्मुद्रणाआधी लेखकाला कळवणे, ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क वेगळ्या करारात, आणि मुदत सात वर्षं. फोन आला, "मॅडम, तुम्ही बँकेत आहात ना, लगेच कळतं हो." मी हसले. तेही हसले. म्हणाले बघतो, भागीदारांशी बोलतो. याला आता तीन आठवडे झाले, आणि काल मी परत मेल केली, विषयात लिहिलं, स्मरणपत्र क्रमांक १.